काम आवडतं की कामावरची माणसं?

'ऑफिस एकदम मस्त आहे' असं दोन जण म्हणतात. एकाला दुपारी डबे उघडल्यावरची धमाल सांगायची असते. दुसऱ्याचा हात कामातून निघत नाही, त्याला ते सांगायचं असतं. एचआरच्या लेखी दोघेही 'एंगेज्ड', म्हणजे नोकरीत मन गुंतलेले, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

पहिल्याचं नातं माणसांशी आहे, दुसऱ्याचं कामाशी. ही नाती बऱ्याचदा एकत्र नांदतात, म्हणून एकच वाटतात. पण एकमेकांच्या मुलांच्या बारशाला जाणारी टोळी कामात निव्वळ पाट्या टाकत असू शकते. आणि ज्याच्या हिशेबात एका पैशाची चूक सापडत नाही असा माणूस शेजारच्याचं गाव कुठलं हे न विचारताच निवृत्तही होतो.

'गॅलप' या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीची १२ विधानांची प्रश्नावली बऱ्याच कंपन्या भरून घेतात. त्यातलं आठवं विधान कंपनीच्या ध्येयामुळे आपलं काम महत्त्वाचं वाटतं का, याबद्दल आहे. दहावं आहे, 'कामावर माझा जिवलग मित्र आहे.' (याला लोक हसतात. पण अडीअडचणीला रजा कोण सांभाळून घेतं ते आठवलं की हसू आवरतं.) एका विभागाला आठव्यात ५ आणि दहाव्यात २ गुण, दुसऱ्याला नेमके उलटे. सरासरी काढली की दोन्ही विभाग सारखेच दिसतात, आणि दोघांनाही उपाय एकच मिळतो: फन फ्रायडे, अंताक्षरी, पारंपरिक पोशाखाचा दिवस.

नव्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या टीमला त्याचा उपयोग होतो, त्याची टर उडवण्यात अर्थ नाही. पण ज्यांचं आधीच गूळपीठ आहे आणि कंटाळा कामाचा आहे, त्यांना अंताक्षरी खेळायला लावणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कामाशी नातं कसं जुळतं, याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण अ‍ॅडम ग्रँट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणारी मुलं होती. दिवसभर नकार ऐकायचे, पुढचा नंबर फिरवायचा. त्यातल्या काहींना त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेला एक विद्यार्थी काही मिनिटं भेटवला. महिन्याभरानंतर पाहिलं, तर त्यांचा फोनवरचा वेळ आणि जमलेली रक्कम दोन्ही दुपटीच्या पुढे गेली होती. ज्यांना विद्यार्थ्याचं नुसतं पत्र वाचायला दिलं, त्यांच्यात फरक पडला नाही. पगार तोच, फोनवर बोलायची संहिता तीच. आपण केलेलं काम कुणाच्या पदरात पडतं, ते डोळ्यांनी दिसलं एवढंच.

माणसांशी नातं वेगळ्या गोष्टीवर उभं राहतं. कामाच्या ठिकाणच्या वागणुकीचे अभ्यासक विल्यम कान यांनी १९९०च्या शोधनिबंधात माणूस कामात जीव कधी ओततो, याच्या तीन अटी मांडल्या. कामाला अर्थ हवा, अंगात त्राण हवं आणि मनात निर्धास्तपणा हवा. यातली तिसरी अट मुख्यतः भोवतालची माणसं पुरवतात. 'माझं चुकलं' म्हटल्यावर अब्रू जाणार नाही, एवढी खात्री. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी एकाला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं, की शुक्रवारच्या समोशांवरचा खर्च वाया.

दोन्ही नाती एकत्र पाहायची तर मुंबईचे डबेवाले पाहावेत. माणसं बहुतेक मावळ, जुन्नर, खेड, आंबेगाव या पट्ट्यातली, बरीचशी वारकरी. मुकादमाच्या हाताखालची टोळी खर्च वजा जाता कमाई वाटून घेते, आणि कुणी आला नाही तर त्याचे डबे बाकीचे उचलतात. झालं माणसांचं. कामाचं तर बोलायलाच नको: झाकणावरची खूण चुकली की कुणीतरी उपाशी राहणार, हे कुणी फलकावर लिहून लावावं लागत नाही. अशी रचना आयटी पार्कात उचलून नेता येणार नाही, हे मान्य.

तरी आपल्या ऑफिसात नेमकं कुठलं नातं तुटलंय, हे सर्व्हे न करताही राजीनाम्यांवरून बऱ्यापैकी कळतं. काम नकोसं झालेला माणूस निरोपाच्या केकपाशी रडतो आणि ग्रुपवर वर्षानुवर्षं गुड मॉर्निंग टाकत राहतो. माणसं नकोशी झालेला हँडओव्हरची फाईल चोख लिहून देतो, आणि त्याच संध्याकाळी ग्रुप सोडतो.