मसाई मारा आणि सेरेंगेटीला निघण्यापूर्वी: कळप आणि मोठी मांजरं कधी, कुठे, कशी पाहावीत

चौकशीला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कळप नदी ओलांडताना नक्की दिसतील ना?" बुकिंगचे पैसे घेण्याआधीच याचं उत्तर लिहून देतो. तशी हमी आम्ही देत नाही, कारण ती कुणालाच देता येत नाही. नदीकाठी थांबायला भरपूर वेळ मात्र आम्ही राखून ठेवतो.

टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा मिळून एकच माळरान आहे. मधली सरहद्द माणसांनी आखलेली. सुमारे 13 लाख वाईल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं), दोन लाखांच्या आसपास झेब्रे आणि लाखो गॅझेल हरणं या माळावर वर्षभर पावसामागे फिरत असतात. आपल्याकडचे धनगर पाऊसपाणी बघून मेंढरांचा तळ हलवतात, तसंच काहीसं. झेब्रे उंच गवताचे जाड देठ खातात, वाईल्डबीस्ट खालची पाती, आणि मागून येणारी गॅझेल उरलेले कोवळे फुटवे. या चालीला सुरुवातीची तारीख नाही की शेवटची नाही. म्हणून आधी काय बघायचंय ते ठरवा, महिना मग ठरेल.

आमची स्वतःची पसंती फेब्रुवारीला आहे. तेव्हा कळप दक्षिण सेरेंगेटीत, न्दुतूच्या आखूड गवतावर असतात. तिथल्या मातीत ज्वालामुखीची राख आहे. त्या राखेमुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर उतरतं, आणि गाभण माद्यांना नेमकं तेच हवं असतं. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्मतात. ओलं पिल्लू जमिनीवर पडतं, पुढचे गुडघे टेकून धडपडतं, कोसळतं, पुन्हा उठतं, आणि काही मिनिटांत आईच्या पोटाला चिकटून चालू लागतं. माळावर तरस आणि चित्ते टपलेले असतात, त्यामुळे त्याला उसंत नसतेच. हे बघायला ना नदी लागते ना गर्दी.

मे-जूनमध्ये कळप पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे सरकतात. जुलै ते ऑक्टोबर हा मारा नदीचा हंगाम. काठावर हजारो जनावरं जमतात, पुढची मागे वळतात, मागची पुढे रेटतात. कधी तीन तासांनी एक जण उडी टाकतो आणि मग धुळीत काही दिसेनासं होतं. कधी सगळा कळप पाठ फिरवून चरायला निघून जातो. मगरींची चर्चा फार होते, पण जास्त जनावरं उंच दरडींवर आणि चेंगराचेंगरीत बुडून मरतात, वर्षाला सरासरी सहा हजारांच्या वर. त्यांच्यावर गिधाडं जगतात, मासे जगतात, आणि हाडं पुढे कित्येक वर्षं नदीला पोसत राहतात.

एकदा आमच्या डोळ्यांदेखत दहा-बारा गाड्या कळपाच्या उतरायच्या वाटेवरच जाऊन उभ्या राहिल्या आणि कळप मागे फिरला. आमच्या गाडीतल्या आजी दोन दिवस त्या क्षणाची वाट बघत होत्या. तेव्हापासून आमचा नियम पक्का आहे: कळप पाण्यात उतरेपर्यंत गाडी काठापासून लांब उभी राहील. कृपया ड्रायव्हरला "जरा पुढे घे" म्हणू नका, त्यासाठी टीपही देऊ नका.

चित्त्याच्या बाबतीत तर ही कळकळीची विनंती आहे. तो दिवसा शिकार करतो, वारुळावर चढून लांबवर न्याहाळतो, आणि आजूबाजूला गाड्या जमल्या की बेत सोडून देतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मारातल्या अभ्यासात, पर्यटकांच्या गर्दीच्या भागात चित्त्याच्या मादीची एका वेतातली सरासरी 0.2 पिल्लंच मोठी होऊन स्वतंत्र झाली, कमी गर्दीच्या भागात 2.3. आपल्या देशातून चित्ता नाहीसा झालेला आपण पाहिला आहे. एका प्राण्याभोवती पाचांहून जास्त गाड्या असतील तर आम्ही लांब थांबतो.

सिंह दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो, त्यामुळे पहाटे निघायला कंटाळू नका. बिबट्यासाठी सेरेंगेटीतल्या सेरोनेरा भागातली नदीकाठची झाडं बघा. आडव्या फांदीवरून खाली लोंबणारी शेपटी आधी दिसते, बिबट्या नंतर. ताडोब्यात वानर-चितळांच्या हाकांवर कान ठेवायची सवय असेल तर ती इथेही उपयोगी पडेल: सगळी गॅझेल एकाच दिशेला टक लावून उभी दिसली की दुर्बीण तिकडे वळवा. वाघ मात्र आफ्रिकेत नाही.

आता तयारीचं. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. लहान विमानात साधारण 15 किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. निळे आणि काळे कपडे टाळा, त्से-त्से माश्या त्या रंगांवर येतात. पहाटे चांगलीच थंडी असते, स्वेटर हवाच. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर दोन्ही देशांत बंदी आहे, खाऊ कापडी पिशवीत बांधा.

माराचं तिकीट 2024 पासून परदेशी पाहुण्यांना जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे. नदीच्या हंगामाचा खर्च वाढतो तो मुख्यतः यामुळे.

घरातल्या कुणाला कंबरदुखी किंवा मणक्याचा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. कच्च्या रस्त्यावर गाडीला खूप हादरे बसतात आणि मागच्या सीटवर ते जास्त जाणवतात. अशांसाठी आम्ही पुढची किंवा मधली सीट राखून ठेवतो.