मुळाला मीठ लागलं, हे पानाला कसं कळतं?

अराबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली छोटीशी वनस्पती. तिच्या मुळाच्या टोकाला खारं पाणी लागलं की तिथून एक लाट उठते आणि सेकंदाला सुमारे 0.4 मिलिमीटर वेगाने वर चढते. ज्या पानांपर्यंत मीठ अजून पोचलेलंही नाही, त्यांच्यातली ताणाला तोंड देणारी जनुकं काही मिनिटांत कामाला लागतात. ही लाट कॅल्शियमची असते, हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या सायमन गिलरॉय यांच्या गटाने 2014 मध्ये दाखवलं. मुळातलं कॅल्शियम मात्र पानापर्यंत वाहत जात नाही. एका पेशीत ते वाढलं की शेजारच्या पेशीतही वाढतं, आणि असा निरोप पुढे सरकत जातो.

निरोपासाठी नेमकं कॅल्शियमच का? कारण पेशीला ते आत साठलेलं मुळीच परवडत नाही. पेशीचा ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम भरपूर झालं तर फॉस्फेटशी जोडी जमवून न विरघळणारा साका तयार होतो. म्हणून पेशी ऊर्जा खर्चून कॅल्शियम सतत बाहेर तरी काढते, नाहीतर आतल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडून ठेवते. त्यामुळे पेशीद्रवात ते जेमतेम 100 नॅनोमोलर उरतं, आणि भिंतीपलीकडे किंवा रिक्तिकेत त्याच्या हजारो पट असतं. पडद्यातली एखादी वाहिनी क्षणभर उघडली तरी ते आत धावतं, आणि एरवी जवळपास नसल्यामुळेच ते लगेच जाणवतं. या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच: जे दूर ठेवायचं, तेच निरोप्या झालं.

पेशीतली ही चढउतार जिवंत रोपात पाहता आली ती एका जेलीफिशमुळे. कॅल्शियम भेटताच निळसर उजेड देणारं इक्वोरिन हे प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी 1962 मध्ये तिच्यातून वेगळं केलं होतं. एडिंबरा इथे मार्क नाइट, अँथनी ट्रेवावस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं जनुक तंबाखूच्या रोपात घातलं आणि 1991 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोपाला नुसता स्पर्श केला, गार पाणी दिलं, की उजेड वाढायचा. डोळ्यांना न दिसण्याइतका मंद, पण उपकरणाला स्पष्ट कळणारा.

इथेच खरा पेच सुरू होतो. थंडी, मीठ, दुष्काळ, अळीचा चावा, सगळ्यांचा निरोप कॅल्शियमच आणत असेल, तर पेशीला फरक कळतो कसा? एक उत्तर असं, की वाढ किती, किती वेळ, एकदाच की पुन्हापुन्हा, आणि पेशीच्या कुठल्या भागात, यातच अर्थ असतो. पर्णरंध्राची, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्राची, उघडझाप करणाऱ्या रक्षक पेशींत हे चांगलं दिसतं. रंध्र बराच काळ मिटलेलं राहतं की लवकर पुन्हा उघडतं, हे कॅल्शियमच्या आंदोलनांच्या लयीवर ठरतं. काही संशोधकांना मात्र कॅल्शियम ही पुष्कळदा साधी कळ वाटते. नेमकेपणा इतर संदेशांतून येतो, असं ते मानतात. माझा कल निरोप वाचणाऱ्या प्रथिनांकडे आहे. अराबिडॉप्सिसमध्ये कॅल्शियमवर चालणाऱ्या एकाच प्रकारच्या कायनेज प्रथिनांचे (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचं काम बदलणाऱ्या) 34 नमुने आहेत, आणि हा प्रकार प्राण्यांत सापडत नाही. इतके वाचक असतील, तर एकाच निरोपाचे अनेक अर्थ निघू शकतात.

मिठाच्या बाबतीत ही साखळी बरीच उलगडली आहे. एसओएस3 हे प्रथिन कॅल्शियम पकडतं आणि एसओएस2 ला जागं करतं. एसओएस2 पेशीच्या पडद्यातल्या एसओएस1 ला चालना देतं, आणि एसओएस1 सोडियम बाहेर फेकतं. यातलं एक जरी बिघडलं, तरी रोप खारेपणापुढे हतबल होतं.

अळीने पान कुरतडल्यावर काय होतं, तेही आता दिसलं आहे. मासात्सुगु तोयोता आणि गिलरॉय यांच्या गटाने 2018 मध्ये दाखवलं, की जखमेतून ग्लुटामेट हे अमिनो आम्ल सांडतं आणि दूरच्या पानांकडे कॅल्शियमची लाट निघते, मुळातल्या लाटेपेक्षाही वेगाने. हेच ग्लुटामेट आपल्या मेंदूतल्या चेतापेशीही निरोपासाठी वापरतात. म्हणून झाडाला वेदना होते असं म्हणणं घाईचं ठरेल, कारण झाडात चेतापेशी नाहीत. पण लाट पोचली की त्या पानांत जॅस्मोनिक आम्ल हे बचावाचं संप्रेरक तयार होऊ लागतं, आणि अळी तिकडे वळण्याआधीच त्यांची बचावाची तयारी सुरू झालेली असते.