चोकस्लॅममधली उडी कोणाची?

बेळगावात एक काळ असा होता, की मधल्या सुट्टीत ट्रम्प कार्डांवरून टीव्हीवरच्या कुस्तीतल्या अंडरटेकरची उंची आणि वजन पोरांना तोंडपाठ असायचं आणि त्याच पोरांचे आजोबा आनंदवाडीच्या आखाड्यात नाहीतर येळ्ळूरच्या मैदानात कुस्ती बघायला जायचे. टीव्हीवरच्या कुस्तीबद्दल आजोबांचं मत एका शब्दात संपायचं: खोटी. निकाल आधी ठरलेला असतो, तेवढ्यापुरतं ते बरोबरच. पण शंभर किलोचा माणूस दीड मीटरवरून पाठीवर पडतो तेव्हा गुरुत्वाकर्षण काही नुरा कुस्ती खेळत नाही.

चोकस्लॅम घेऊ. एका हाताने गळा धरायचा, समोरच्याला उचलायचं आणि पाठीवर आपटायचं. आता हिशेब करा. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. तो हात सरळ लांब करून खांद्याच्या रेषेत धरायला सांगितलं, तर चांगला तालमीतला गडीही क्षणभरच टिकेल. चोकस्लॅममध्ये असे तीनाहून जास्त सिलिंडर आहेत. खांद्यापासून ६० सेंटिमीटरवर १०० किलो म्हणजे सांध्यावर जवळपास ५९० न्यूटन-मीटर परिबल, म्हणजे सांधा फिरवणारा जोर. माणसाच्या खांद्यातून एवढी ताकद निघत नाही.

मग माणूस वर जातो कसा? उडी मारून. गळ्याला हात लागला की मार खाणारा गुडघे किंचित वाकवतो आणि इशारा मिळताच स्वतःच वर उसळतो. त्याचा एक हात समोरच्याच्या मनगटावर किंवा खांद्यावर असतो. गळा सोडवण्याची धडपड वाटते ती, पण त्याच हाताने तो खाली रेटून आणखी वर चढत असतो. आपटणाऱ्याचा दुसरा हात पाठीमागे कमरेशी किंवा काखेत असतो, खरं वजन त्यावर येतं. गळ्यावरचा हात फक्त दिशा देतो. उडी चुकली किंवा अर्धा सेकंद उशिरा झाली, तर माणूस अर्ध्यावर लोंबकळतो आणि कुल्ल्यांवर पडतो. असा फसलेला चोकस्लॅम नीट पाहिला, की उचलण्याचं काम कोण करत होतं ते लगेच कळतं.

मातीतल्या कुस्तीत, धोबीपछाडीत, समोरचा उडी मारून देत नाही, म्हणून डाव वेगळ्या तऱ्हेने बांधलेला आहे. प्रतिस्पर्धी रेटत पुढे आला की त्याचा हात ओढून आपल्या खांद्यावर घ्यायचा, त्याच झटक्यात पाठ फिरवायची, गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कंबरेच्या खाली घालायची, मग गुडघे ताठ करत हात पुढे खाली खेचायचा. वजन आता आपल्या पाठीला चिकटलेलं असतं. ६० सेंटिमीटरचा दांडा जवळजवळ शून्यावर येतो आणि उचलण्याचं काम मांड्या करतात. पुढे येण्याची गती त्याची स्वतःचीच असते. नवशिक्याची कंबर वर राहते. मग समोरचा मागे टाचांवर बसतो, पाठ आयती मिळते आणि पुढच्या क्षणी सवारी बसलेली असते, म्हणजे तो पाठीवर स्वार झालेला असतो.

आता पडणं. दीड मीटरवरून खाली येताना वेग होतो सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९ किलोमीटरच्या थोडा वर. इजा किती होणार हे त्या वेगाइतकंच थांबण्याच्या अंतरावर ठरतं. सोपा हिशेब: पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. घट्ट बसलेल्या मातीत शरीर २ सेंटिमीटरमध्ये थांबलं तर सरासरी धक्का गुरुत्वाच्या ७५ पट. तेच ८ सेंटिमीटरमध्ये थांबलं तर १९ पट. म्हणून मैदानाआधी हौद्यातली माती फावड्याने उकरतात, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मोकळी आणि ओलसर ठेवतात. रिंगमध्ये हे काम फळ्या करतात: पोलादी सांगाडा, त्यावर लवणाऱ्या लाकडी फळ्या, फोमचा पातळ थर, वर ताणलेलं कॅनव्हास. खाली सगळं पोकळ. म्हणजे रिंग ही एक भली मोठी हलगीच, आणि ठोसा मारताना पाय आपटला की आवाज त्या पायाचा येतो.

पाठीवर पडायचंही तंत्र आहे. हनुवटी छातीला टेकलेली, पाठीचा वरचा भाग सपाट, हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर आणि तळवे त्याच क्षणी जमिनीवर, श्वास बाहेर. जेवढं क्षेत्रफळ जास्त तेवढा दाब कमी. हनुवटी सुटली तर डोकं चाबकासारखं मागे आपटतं. हात मागे टेकवून सावरायला गेलं तर मनगट जातं.

२८ जून १९९८ला पिट्सबर्गमध्ये टीव्हीवरच्याच कुस्तीतला मिक फोली १६ फुटी पिंजऱ्यावरून समालोचकांच्या टेबलावर पडला. टेबलाला भिडताना त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर असणार. टेबल मोडलं आणि त्या मोडण्यात बरीचशी ऊर्जा गेली. तरीही खांदा निखळलाच.

सगळ्यात वाईट डाव पाइलड्रायव्हर, कारण त्यात पाठ कामाला येत नाही. माणूस उलटा, डोकं खाली. अंडरटेकरच्या टूमस्टोन नावाच्या पाइलड्रायव्हरमध्ये आपटणारा गुडघ्यांवर उतरतो आणि समोरच्याचं डोकं त्याच्या मांड्यांच्या मध्ये, जमिनीपासून काही इंच वर राहतं. धक्का सगळा गुडघ्यांना. ३ ऑगस्ट १९९७ला समरस्लॅम या कार्यक्रमातल्या लढतीत हाच डाव करताना ओवेन हार्ट गुडघ्यांवर न येता खाली बसला आणि उलट्या धरलेल्या स्टीव्ह ऑस्टिनचं डोकं त्याच्या मांड्यांच्या खाली लोंबत होतं. ऑस्टिनचे हातपाय काही वेळ हलेनात. मानेच्या मणक्यांना नैसर्गिक बाक असतो आणि तोच स्प्रिंगचं काम करतो. डोकं सुमारे ३० अंश पुढे झुकलं की बाक सरळ होतो, मान खांबासारखी उभी राहते आणि टाळूवरचा धक्का थेट मणक्यांवर जातो. फरशीवर हा डाव करून बघणाऱ्या पोराच्या डोक्याखाली ना लवणारी फळी असते ना उकरलेली माती. पलंगावर केला तर डोकं गादीत रुततं आणि मागून येणारं अंगाचं वजन मानच दुमडतं.

स्लीपर मात्र संथ आणि साधा दिसणारा डाव आहे, म्हणून लोक त्याला हसतात. मागून गळ्याभोवती हात, कोपर हनुवटीच्या बरोबर खाली, दंड आणि मनगटाकडचा हात मिळून मानेच्या दोन्ही बाजू दाबतात. श्वासनलिका मोकळीच असते, दबतात त्या मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या. दोन्ही नीट दबल्या तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. टीव्हीवर कोपर जरा बाजूला सरकवलेलं असतं, म्हणून तर रेफरीला तीनदा हात उचलून खाली पडतो का ते पाहायला आणि प्रेक्षकांना ओरडायला वेळ मिळतो.