एफ-वन दाबल्यावर येणाऱ्या मदतीमागचा इतिहास

मागच्या महिन्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बसलो होतो. टॉवेलच्या जॅकार्डचं, म्हणजे मागावर विणतानाच नक्षी उठवणाऱ्या यंत्राचं, डिझाइन करायचं सॉफ्टवेअर चालू होतं आणि ऑपरेटर अण्णा 'पिक डेन्सिटी'च्या चौकोनापाशी येऊन थांबले. आडवे धागे किती बसवायचे हे त्यांना तोंडपाठ, पण आकडा इंचाचा टाकायचा का सेंटिमीटरचा तेच कळेना. कीबोर्डवरची मदतीची की एफ-वन दाबलं तर इंग्रजी अनुक्रमणिका उघडली, पार पहिल्या धड्यापासून, मग त्यांनी ती बंद केली आणि फोन उचलला. आम्ही सध्या अशाच सॉफ्टवेअरची मराठी हेल्प लिहितोय म्हणून हे लिहायला घेतलं, कारण माणूस जिथं अडला तिथलंच उत्तर द्यायची सोय ४० वर्षांपेक्षा जुनी आहे.

आपल्याकडं मागावर काही अडलं की जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मुकादमाला, हाक मारायची, तो येऊन आधी माग बघणार आणि मगच बोलणार. पूर्वी डिझाइन ग्राफ कागदावर काढून पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे, जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये बसवलेली पद्धत ती. १९८३ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात बोनास कंपनीनं इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड दाखवला आणि पुढं पुठ्ठ्यांची जागा हळूहळू फाइलनं घेतली. त्याच वर्षी लोटस १-२-३ हे हिशेबाच्या तक्त्यांचं सॉफ्टवेअर बाजारात आलं, त्यात एफ-वन दाबलं की तुम्ही ज्या कमांडवर आहात तिचीच माहिती यायची. सगळीकडं हीच की होती असं मात्र नाही, वर्डपरफेक्ट या लिखाणाच्या सॉफ्टवेअरमध्ये हेल्प एफ-थ्रीवर होती. १९८७ मध्ये आयबीएमनं कॉमन युजर अॅक्सेस हे सगळ्या सॉफ्टवेअरचे पडदे आणि कीज सारख्या ठेवायचे नियम काढले, त्यात एफ-वन ठरलं आणि विंडोजनंही तेच उचललं.

त्याच काळात आयबीएममध्येच जॉन कॅरोल नवीन माणसं वर्ड प्रोसेसर कसा शिकतात ते बघत होते. त्यांना दिसलं की लोक मॅन्युअल वाचत बसत नाहीत, थेट कामाला हात घालतात आणि चुकले की तिथंच अडकतात, म्हणून मजकूर कमी ठेवा, कामाचाच द्या आणि चूक कशी सुधारायची ते सांगा. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सगळ्यात मोलाचं हेच.

१९९० ला विंडोज ३.० बरोबर विनहेल्प हा हेल्प दाखवायचा प्रोग्रॅम आला. त्यात हेल्प लिहायची पद्धत अशी की वर्डमध्ये एकेक विषय वेगळ्या पानावर टाइप करायचा आणि त्याला तळटीपा जोडायच्या, # च्या टीपेत विषयाची ओळख, $ मध्ये शीर्षक, K मध्ये शोधायचे शब्द. मग प्रोजेक्ट फाइलमध्ये त्या ओळखीसमोर एक नंबर लिहायचा आणि प्रोग्रॅमरनं तोच नंबर त्या खिडकीला द्यायचा. सगळी गंमत त्या नंबरात आहे. प्रोग्रॅमरनं खिडकी बदलली आणि लिहिणाऱ्याला सांगितलं नाही की मदत एकतर दुसरीकडंच उघडते नाहीतर अनुक्रमणिकेवर जाऊन पडते. अण्णांच्या बाबतीत बहुतेक असंच झालं असणार, तिथं अण्णांची काहीच चूक नव्हती.

अॅपलनं १९९१ ला सिस्टिम ७ मध्ये माउस नेला की माहितीचा फुगा दाखवायची सोय दिली, विंडोज ९५ मध्ये खिडकीच्या कोपऱ्यातलं प्रश्नचिन्ह आलं (ते दाबून मग अडलेल्या जागी क्लिक करायचं), ऑफिस ९७ मध्ये क्लिपवाला मदतनीस आला आणि ऑफिस २००७ मध्ये तो काढूनही टाकला.

मराठीची अडचण मात्र वेगळीच. १९९७ मध्ये विनहेल्पच्या जागी सीएचएम ही नवी हेल्प फाइल आली, आत पानं एचटीएमएलची, पण अनुक्रमणिका आणि शोध जुन्या कोडपेजवर, म्हणजे एकेका लिपीच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या तक्त्यावर, चालायचे, आणि देवनागरीला विंडोजचं तसलं कोडपेजच नाही. विंडोज २००० पासून देवनागरी व्यवस्थित दिसायला लागली तरी सीएचएमच्या अनुक्रमणिकेत मराठी शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हं यायची, म्हणून कितीतरी जणांनी मराठी हेल्पचा नादच सोडला. आता हेल्प वेबपेजसारखी बाजूच्या पट्टीत उघडते, सगळ्या लिप्यांचा एकच तक्ता असलेला युनिकोड सरळ चालतो, त्यामुळं ती अडचण उरली नाही.

नंबर जोडायचं काम मात्र आहे तसंच आहे. आम्ही पिक डेन्सिटीच्या चौकोनापासून सुरुवात केली, पहिल्याच ओळीत 'इथं आकडा इंचाला टाका' एवढंच लिहिलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच विणकरांच्या घरात तेलुगू बोलतात, तेव्हा ती ओळ तेलुगूतही द्यायची असं ठरलंय, पुढच्या आठवड्यात अण्णांकडूनच तपासून घेणार.