आजीच्या लुगड्याचा कागद, बाळाच्या खोलीसाठी

आपल्याकडे बाळाचं पहिलं दुपटं दुकानातून येत नाही. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं नाहीतर आजोबांचं धोतर फाडून ते शिवतात. आमचा कागद त्याच कापडाचा असतो. तुम्ही घरातलं जुनं सुती कापड आणून द्यायचं, आम्ही त्याचा लगदा करून हाताने कागद उचलतो आणि त्या कागदाचं भिंतीवरचं चित्र किंवा चिमणाळं, म्हणजे पाळण्यावर टांगायच्या चिमण्या, करून देतो.

पुण्याला हातकागद नवा नाही. जुन्नरचा कागद एके काळी दप्तरी कामासाठी नावाजलेला होता, कसब्यात कागदीपुरा आजही आहे, आणि शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची. आम्ही त्याच वाटेवरचे, फक्त काम लहान आणि बाळांपुरतं.

कोणतं कापड आणावं

निव्वळ सुती. टेरिकॉट, पॉलिस्टर किंवा नायलॉन मिसळलेल्या कापडाचा लगदा होत नाही. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. जरीचे धागे, बटणं, हूक, इलॅस्टिक काढून टाका. कापड साध्या साबणाने धुवा. खळ किंवा कापड मऊ करणारं औषध शेवटच्या धुण्यात घालू नका.

किती लागेल? २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम भरणारा) ए-फोर आकाराचा एक कागद साडेबारा ग्रॅमच्या आसपास भरतो. हिशेबाने पाव किलो कापडाचे वीस कागद व्हायला हवेत, पण धुण्यात आणि कुटण्यात काही जातं, म्हणून आम्ही पंधराच धरतो. एका चित्राला आणि एका चिमणाळ्याला तेवढे पुरतात.

कापडाचे इंचभर तुकडे करून बीटरमध्ये काही तास कुटले की पाण्यात दुधासारखा लगदा तयार होतो. त्यात जाळीची चौकट बुडवून सपाट उचलायची आणि पाणी निथळतानाच एकदा मागे-पुढे, एकदा डावी-उजवीकडे हलवायची, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. मग ओला कागद कापडावर पालथा घालून दाबतो आणि दोरीवर वाळवतो. सगळं कापड अगदी बारीक कुटलं तर रंग मिसळून करडा होतो. म्हणून थोडं कापड आम्ही मुद्दाम अर्धवट कुटतो. एका ताईंनी सासूबाईंचं सुती इरकल लुगडं आणलं होतं. त्याच्या कागदात काठाचे लाल धागे नखाएवढे, वाकडेतिकडे अजून दिसतात, आणि बोट फिरवलं की हाताला लागतात.

बाळाला काय दिसतं

नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं, म्हणजे मांडीवर घेतल्यावर आईचा चेहरा असतो तेवढ्यावरचं. भिंतीवरचं चित्र पहिले काही आठवडे त्याच्यासाठी नसतंच, ते तुमच्यासाठी असतं. सुरुवातीला फिक्या गुलाबी-निळ्यापेक्षा काळ्या-पांढऱ्याचा ठळक फरक बाळाची नजर पकडतो, म्हणून प्रत्येक ऑर्डरसोबत आम्ही काळ्या पट्ट्यांची दोन जाड कार्डं देतो. मांडीवर घेऊन ती समोर धरा. तोंडात घालायला देऊ नका.

चिमणाळ्याची गोष्ट वेगळी. पाळण्यात उताणं पडलेलं बाळ ते खालून पाहतं. बाजूने सुंदर दिसणारी सपाट कागदी चिमणी खालून नुसती एक रेघ दिसते. आमच्या चिमण्यांचं पोट रुंद दुमडलेलं असतं आणि सगळी नक्षी पोटावरच असते. उभ्याने पाहिलंत तर त्या साध्या वाटतील. एकदा पाळण्याशेजारी पाठ टेकून वर पाहा.

चिमणाळं बाळाच्या वर केलेल्या हातापासून किमान दोन विती उंच हवं. ते पाळण्याच्या दोरीला न बांधता छताच्या वेगळ्या हुकाला बांधा आणि बांधल्यावर स्वतः जोरात ओढून बघा. बाळ हातांवर छाती उचलू लागलं किंवा पाच महिन्यांचं झालं, यांतलं जे आधी होईल तेव्हा चिमणाळं उतरवा. हौस म्हणून एक दिवसही जास्त ठेवू नका. मणी, टिकल्या, आरसे, घुंगरू आम्ही लावत नाही. सुटलेला एक मणी बाळाच्या घशात अडकू शकतो, त्यामुळे कितीही आग्रह झाला तरी याला आमचा नकारच असतो.

गोंद, रंग आणि कसर

चिकटवायला मैद्याची ताजी खळ वापरतो. पुस्तकबांधणीवाले कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असतं, म्हणून आमच्या खळीत ते नाही. त्याऐवजी खळ अगदी पातळ लावतो आणि फ्रेमची मागची बाजू पट्टीने पूर्ण बंद करतो. तुम्हीही फ्रेममागे किंवा खोलीत डांबरगोळ्या ठेवू नका. काही बाळांच्या शरीरात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं, आणि डांबरगोळीच्या नुसत्या वाफेनेही त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते.

सुरुवातीला आम्ही हळदीने रंगवलेला सूर्य द्यायचो. एका घरी तो पूर्वेच्या खिडकीसमोर लावला आणि पहिल्याच उन्हाळ्यात पांढराफटक पडला. हळद उन्हात टिकत नाही, शिवाय साबणाचा हात लागला की लाल होते. तो सूर्य आम्ही विनामूल्य बदलून दिला आणि हळद बंद केली. निळ्यासाठी मात्र नीळच, ती उन्हात बरीच टिकते.

कुठे लावावं

बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर नको, पावसाळ्यात तिथे ओल येते आणि सुती कागद ती शोषून फुगतो. पाळण्याच्या किंवा पलंगाच्या वर तर फ्रेम कधीच नको. आम्ही काच वापरत नाही, अ‍ॅक्रिलिक वापरतो, आणि ते कागदाला टेकू देत नाही. पावसाळ्यात कागद थोडा लाटांसारखा झाला तर घाबरू नका, दिवाळीपर्यंत तो बहुधा आपोआप सरळ होतो. बुरशीचे ठिपके दिसले तर मात्र पुसायला जाऊ नका, घेऊन या.

वेळ

कापड डोहाळजेवणाच्या सुमारास आणून द्या. जून ते सप्टेंबरमध्ये कागद वाळायला दुप्पट दिवस लागतात, आणि बारशाच्या आठ दिवस आधी फोन आला तर आम्हाला नाही म्हणावं लागतं, ते आम्हालाही जड जातं.

उरलेले कागद तुमचेच, ते चित्रासोबत परत मिळतील. त्यातला एक आम्ही मुद्दाम कापत नाही, चारी कडा आहेत तशाच ठेवतो. पाचवीच्या रात्री सटवाईसाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवत असाल, तर तो त्यासाठी.