घर बांधायचंय? नकाशा नंतर, आधी सातबारा उघडा

आपल्याकडं घर बांधायचं ठरलं की लोक पहिले आर्किटेक्टकडं जातात, दार पूर्वेला, देवघर ईशान्येला, वर टाकी, खाली बोअर, पार फरशीच्या रंगापर्यंत सगळं ठरतं, आणि बांधकाम परवानगीची फाईल टाकायच्या दिवशी कळतं की सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-2 (म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता-वापरता न येणारी जमीन) लिहिलंय. मग सहा महिने तहसीलच्या चकरा. म्हणून हे लिहितोय, कारण आपल्या मराठवाड्यात घर अडतं ते नकाशामुळं कमी आणि जमिनीच्या कागदामुळंच जास्त.

आपली जमीन निजामाच्या राज्यातली, त्यामुळं इनाम, मदतमाश, खिदमतमाश (उदरनिर्वाहासाठी किंवा सेवेपोटी दिलेल्या जमिनी), कुळाची जमीन असले प्रकार इथं पावलोपावली आहेत, आणि त्यांना कायदेही हैदराबादचेच, कुळासाठी 1950 चा आणि इनामासाठी 1954 चा. तेव्हा नुसता आजचा सातबारा बघू नका, जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) काढा, खासरा पाहणी पत्रक (जुन्या पाहणीची जमीननोंद) काढा, इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिलंय ते एकेक शब्द वाचा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन 15 रुपयात मिळतो, त्यात कंजूषी नको. वर्ग-2 असेल तर आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराण्याचा (सरकारला भरायच्या रकमेचा) विषय मिटवा, आणि देवस्थान इनाम असेल तर त्या प्लॉटच्या नादीच लागू नका, कितीही स्वस्त असला तरी.

दुसरं म्हणजे एनए, म्हणजे शेतजमीन अकृषिक करणं. दरवेळी वेगळी एनए परवानगी लागतेच असं नाही, विकास आराखड्यात रहिवासी झोन असेल किंवा गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत जमीन असेल तर महसूल खात्याची ठरलेली रक्कम भरून काम होतं. पण प्लॉट गुंठेवारीतला (मंजूर लेआऊट नसताना शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं पाडलेले तुकडे), बाँडवर घेतलेला असेल (संभाजीनगरला तर अशा वसाहतीच्या वसाहती आहेत) तर पहिले नियमितीकरण. मूळ कायदा 2001 चा, 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी त्यात बसते. ते प्रमाणपत्र हातात नसेल तर बांधकामाची फाईल पुढं सरकत नाही, आणि बँकही कर्जाला हात लावत नाही.

मोजणी करून घ्याच. आम्ही नकाशा आधी काढला आणि भूमी अभिलेखची मोजणी नंतर आणली, तर शेजारची कंपाउंड भिंत दीड फूट आमच्यात निघाली, मग सोडायच्या जागेचं सगळं गणित फिसकटलं, नकाशा नव्यानं काढावा लागला, दोन महिने गेले आणि शेजाऱ्याशी बोलणं तुटलं ते वेगळंच. ई-मोजणीवर अर्ज होतो, 'क' प्रत (मोजणीच्या हद्दी दाखवणारा नकाशा) हातात आल्यावरच आर्किटेक्टला सांगा काढा म्हणून.

आता परवानगी कोणाकडं? शहरात महापालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायत. गावठाणात ग्रामपंचायत. गावठाणाबाहेर पण शहराच्या हद्दीच्याही बाहेर असेल तर ते प्रकरण महसूल आणि नगररचनाकडं, आणि संभाजीनगरच्या आसपासची बरीच गावं महानगर प्राधिकरणात गेलीत, तिथं त्यांच्याकडं. नियम मात्र आता सगळीकडं जवळपास एकच, डिसेंबर 2020 ची एकत्रिकृत नियमावली, लोक तिला यूडीसीपीआर म्हणतात.

त्यात एक गोष्ट आहे जी सगळ्यांनी अर्धवट ऐकलीय. 150 चौ.मी. पर्यंतच्या प्लॉटला परवानगी लागत नाही म्हणतात. लागत नाही म्हणजे काय, तर मंजुरीची वाट बघावी लागत नाही. नियमात बसणारा नकाशा, परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टची सही, मालकीचे कागद आणि फी हे सगळं जमा करावंच लागतं, आणि त्याची पावती हीच परवानगी. काहीच न देता पाया खोदला तर ते अनधिकृतच, पुढं नोटीस आली की कोणी वाचवत नाही. 150 ते 300 चौ.मी. ला 10 दिवसात निर्णय, त्याच्यावर नेहमीची पूर्ण छाननी. आणि बघा, आपल्याकडं प्लॉट फुटात नायतर गुंठ्यात मोजतात. 30 बाय 50 चा प्लॉट म्हणजे साधारण 139 चौ.मी., तो बसतो. दीड गुंठा म्हणजे 1633 चौ. फूट, जवळपास 152 चौ.मी., तो थोडक्यात बाहेर जातो. हे आधी मोजा.

फाईलमध्ये सातबारा किंवा पीआर कार्ड (शहरी प्लॉटचा मालकीचा उतारा), खरेदीखत, फेरफार, मोजणी नकाशा, मंजूर लेआऊटची प्रत, एनए आदेश किंवा गुंठेवारी प्रमाणपत्र, झोन दाखला, मालमत्ता कराची पावती, आधार-पॅन लागतं. सातबाऱ्यावर भाऊ-बहिणींची नावं असतील तर सगळ्यांची संमती, बहिणीची पण, तिथं हमखास फाईल अडते. बीबी का मकबरा, देवगिरी किल्ला असल्या केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवीन बांधकाम होतच नाही, आणि त्याच्या पुढच्या 200 मीटरला वेगळी एनओसी.

स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र पण लागतं आणि हे लोक नुसती सही म्हणून विकत आणतात, याचा मला फार राग येतो. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती दगड-मातीच्या जड भिंती अन माळवदं अंगावर पडून. शिवाय आपली काळी माती, पावसात फुगते अन उन्हाळ्यात भेगाळते, पाया मुरमापर्यंत नेला नाही तर दोन वर्षात भिंतीला तडे. तेव्हा इंजिनिअरला प्लॉटवर उभा करा, खड्डा खोदून माती दाखवा, मग डिझाईन घ्या.

प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करायची परवानगी) मिळालं की ते एक वर्ष चालतं, संपायच्या आत नूतनीकरण, असं एकूण 4 वर्ष. बांधकाम खर्चावर 1 टक्का कामगार उपकर असतो, स्वतःच्या राहण्याचं घर कायद्यात ठरलेल्या खर्चाच्या मर्यादेत असेल तर तो नाही. जोतं (पायावरचा चौथरा) झालं की आर्किटेक्टमार्फत कळवा. शहरात राहता, वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न 3 लाखाच्या आत आहे आणि देशात कुठंच पक्कं घर नाही तर पीएम आवास शहरी 2.0 मध्ये स्वतःच्या जागेवर बांधायला अनुदान मिळतं, त्याचा अर्ज पाया खोदायच्या आधी करा.

घर झालं की पूजा करून राहायला जातात आणि भोगवटा प्रमाणपत्र (घर राहायला वापरायची परवानगी) तसंच राहतं. पूर्णत्वाचा दाखला आर्किटेक्टकडून लगेच घ्या आणि अर्ज टाका, त्याचं बिल चुकतं करायच्या आधी, कारण एकदा पैसे दिले की तो फोन उचलायला वेळ लावतो.