धनुष्यबाणाने शिकार : नवशिक्याची तयारी

धनुष्यबाणाने शिकार म्हणजे वन्य प्राण्याच्या अगदी जवळ जाऊन बाणाने केलेली शिकार. बंदुकीच्या गोळीचा आघात मोठा असतो. बाणाचे तसे नाही. त्याचे धारदार पाते फुप्फुसे व रक्तवाहिन्या कापत जाते आणि प्राणी रक्तस्रावाने मरतो. त्यामुळे बाण किती जोरात लागला यापेक्षा तो कुठे लागला याला महत्त्व असते. जवळ जाणे, वाट पाहणे आणि खात्री नसेल तर बाण न सोडणे या गोष्टी नवशिक्याने शिकायच्या त्या यासाठीच.

बंदूक आल्यावर मागे पडलेली ही विद्या विसाव्या शतकात अमेरिकेत पुन्हा रुजली. कॅलिफोर्नियातील ‘याही’ (Yahi) नावाच्या मूळनिवासी जमातीचा अखेरचा ज्ञात माणूस इशी (मृत्यू १९१६) याच्याकडून डॉ. सॅक्सटन पोप धनुष्यबाण तयार करायला आणि शिकार करायला शिकले. पोप व त्यांचे सोबती आर्थर यंग यांच्यामुळे या विद्येला नवे अनुयायी मिळाले. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये हरणांसाठी धनुष्याचा वेगळा हंगाम ठेवला. मिझुरीचे हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले आणि शिकाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. या धनुष्याच्या टोकांना चाके असतात. दोरी पूर्ण ताणली की हातावरचा भार बहुतेक उतरतो, त्यामुळे नेम धरून थोडा वेळ थांबता येते. रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) आणि लाँगबो (लांब, साधे) या बिनचाकांच्या जुन्या धाटणीच्या धनुष्यांत ही सोय नाही. ती धनुष्ये सुंदर आहेत, पण त्यांनी शिकार करण्याआधी बराच जास्त सराव लागतो. त्यामुळे सुरुवात कंपाउंडने करणे शहाणपणाचे.

कायदा देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये अशा शिकारीला बंदी आहे, भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकारच निषिद्ध आहे, तर डेन्मार्कमध्ये परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असून हरणासाठी धनुष्याचा किमान ताण (दोरी मागे खेचायला लागणारा जोर) अनेक ठिकाणी ३० ते ४० पौंडांच्या दरम्यान ठरवलेला आहे. परवाना आणि प्रशिक्षण यांची चौकशी धनुष्य विकत घेण्याआधी करावी.

धनुष्य अंगाला बेतून घ्यावे लागते. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर मोजले आणि त्याला अडीचने भागले की दोरी किती मागे खेचायची याचा अंदाज येतो. कोणता डोळा प्रबळ आहे, म्हणजे नेम धरताना आपोआप पुढाकार घेतो, हेही आधी पाहावे, कारण धनुष्य डावे की उजवे हे त्यावरून ठरवणे बरे. ताण जास्त असलेले धनुष्य घेण्याचा मोह नवशिक्यांना हमखास होतो. खुर्चीवर बसून, पाय जमिनीपासून उचलून, धनुष्य आकाशाकडे न नेता दोरी सरळ मागे आली तरच तो ताण आपला समजावा. थंडीत तासन्‌तास न हलता बसल्यावर हात आखडतात आणि सरावाच्या मैदानावर सोपा वाटणारा ताण तिथे पेलवत नाही. बाणाचा ताठरपणा धनुष्याच्या ताणाशी जुळला पाहिजे. बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडू नये, धनुष्य तुटून इजा होऊ शकते. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी हलकेच वाकवून, तडा गेलेला नाही ना, हे पाहावे.

सराव सुरुवातीला अगदी जवळून, मोठ्या लक्ष्यावर करावा. शिकारीत नवशिक्याने २० यार्ड (सुमारे १८ मीटर) ही आपली मर्यादा मानावी आणि तेवढ्यावर दरवेळी नेम बसू लागल्यावरच ती वाढवावी. कंपाउंडच्या बाणाचा वेग सेकंदाला साधारण ८० ते ९० मीटर असतो, आवाजाचा ३४०. म्हणजे दोरीचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी हरणाच्या कानावर पडतो. पळण्यासाठी ते अंग खाली दाबते आणि छातीचा नेम धरून सोडलेला बाण पाठीवरून निघून जातो. अंतर जितके जास्त, तितकी त्याला सवड जास्त. शिकारीचे पाते लावल्यावर बाण सरावाच्या टोकासारखा उडेलच असे नाही, म्हणून ते पाते लावूनही नेम तपासून घ्यावा.

वाऱ्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. हरणाचे नाक फार तीक्ष्ण असते, तेव्हा वारा त्याच्याकडून आपल्याकडे येईल अशीच जागा धरावी. झाडावरच्या मचाणातून शिकार करायची असेल तर जमीन सोडल्यापासून परत उतरेपर्यंत अंगभर बसणारा सुरक्षापट्टा बांधलेला असावा. मचाणावरून पडणे हा या छंदातला मोठा धोका आहे. धनुष्य आपण वर पोहोचल्यावर दोरीने ओढून घ्यावे.

प्राणी आडवा उभा असेल किंवा किंचित पलीकडे तोंड करून असेल, तेव्हाच बाण सोडावा. समोरून छातीची हाडे आडवी येतात, मागून तर सोडूच नये. बाण लागल्यावर लगेच मागे धावण्याची ऊर्मी आवरावी लागते. आधी बाण शोधून पाहावा. त्यावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर तो फुप्फुसांना लागला आहे. तरीही अर्धा तास थांबावे. गडद लाल रक्त बहुधा यकृताचे असते, त्याला काही तास द्यावेत. हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर बाण पोटात लागला आहे. अशा प्राण्याला हुसकावले तर तो दूर निघून जातो आणि सापडत नाही, म्हणून त्याला आणखी जास्त वेळ द्यावा लागतो. माग काढताना रक्ताच्या शेवटच्या थेंबापाशी खूण ठेवून मगच पुढचा थेंब शोधावा.